तीन टक्क्यांची वरात

हे कुणाला पटणार नाही, आणि नाही पटलं तर माझं काही जात नाही. सल्त गावच्या बाजारात मी आजवर सांगितलेल्या निम्म्या गोष्टी लोकांनी माना डोलवत ऐकल्या आणि घरी जाऊन बायकोला सांगताना हसले. ही ऐकून तर कुणी मानही डोलवणार नाही. पण अबू सनदवर जे गुदरलं ते असंच गुदरलं, आणि त्याच्या जागी तुम्ही असतात तर तुमचंही डोकं असंच भिरभिरलं असतं.

अबू सनद मुलांच्या शाळेत भूगोल शिकवायचा. आज जो टॅक्सी चालवतो तोही त्याचा विद्यार्थी, जो मटण तोडतो तोही, आणि जो कोर्टात उंच खुर्चीवर बसून लोकांना आत टाकतो तोही. या सगळ्यांना भूगोलातली एकच गोष्ट पक्की येते: मॅगेलनची सामुद्रधुनी. बाकीचं जगही तो शिकवायचा, पण घाईघाईनं. आफ्रिका एका तासात उरकायचा. दक्षिण अमेरिकेचं खालचं टोक आलं की मात्र नवा खडू काढायचा, डोळे मिटायचा आणि ती वेडीवाकडी चिंचोळी वाट फळ्यावर अशी उमटवायचा की वर्गात गार वारा सुटायचा. मागच्या बाकावरची पोरं जॅकेटं चढवायची. मी खिडकीबाहेरून पाहिलंय.

आणि हा माणूस स्वतः अकाबाच्या पुढे कधी गेलेला नाही. दमास्कसला एकदा गेला होता, लग्नाला, तेही दुसऱ्याच्या.

परदेशी जाऊन आलेले विद्यार्थी त्याला रस्त्यात गाठायचे. "उस्ताद, कशी आहे सामुद्रधुनी? पाणी गोड की खारट?" तो हसायचा, पण ते त्याला कुठेतरी आत लागायचं. निवृत्त झाला त्या दिवशी त्यानं मनाशी ठरवलं, गुडघे कायमचे रुसायच्या आत एकदा तिथे जायचं. त्या काठावर उभं राहायचं, पाण्यात हात बुडवायचा आणि परत येऊन एकेकाचं तोंड बंद करायचं. दुसरी कसलीही इच्छा त्या माणसाला राहिली नव्हती.

पेन्शनीत सामुद्रधुनी बसत नाही. ती बसवायला बँकेनं त्याला कार्ड दिलं. कार्डावर खरेदी केली की पॉइंट मिळतात, आणि पॉइंट पुरेसे साठले की त्याचं विमानाचं तिकीट होतं, असं त्याला सांगण्यात आलं. झालं. त्या दिवसापासून अबू सनदनं नोटांना हात लावला नाही. टोमॅटो कार्डावर, पाव कार्डावर, चपलेचा अंगठा शिवायचा तर तोही कार्डावर. कुणाच्या घरी मयत झालं की हा सर्वांत आधी पोचायचा. "तांदूळ मी आणतो," म्हणायचा, कार्डावर आणायचा आणि घरच्यांकडून रोख घ्यायचा. लोक म्हणायचे, किती मदतीला धावतो बिचारा.

"आपल्या लग्नात कार्ड नव्हतं म्हणून मी वाचले," त्याची बायको, उम्म सनद, म्हणायची. "नाहीतर माझेही पॉइंट घेतले असतेत."

साठलेले पॉइंट फोनवर दिसायचे. पण अबू सनद ते आकड्यांत वाचत नसे. तो नकाशावर वाचायचा. एवढे झाले म्हणजे मी माल्टापाशी आलो. एवढे झाले म्हणजे कॅनरी बेटं मागे पडली. भर अटलांटिकमध्ये तर त्याला सहा महिने काढावे लागले, कारण त्या वर्षी गावात कुणी मेलं नाही. अखेर ब्राझीलचा किनारा लागला, तेव्हा त्यानं घरात बकलावा वाटला. कार्डावर आणलेला.

आता ऐका. एका बुधवारी तो अबू शाहेरच्या दुकानात गेला. अबू शाहेर कॉफी भाजतो. दोघं शाळेत एका बाकावर बसायचे, आणि म्हातारपणी दुकानाबाहेरच्या एका बाकावर बसतात. अबू सनदनं वेलदोडा घातलेली अर्धा किलो कॉफी मागितली, कार्ड मशीनवर टेकवलं, आणि आकडा पाहून चष्मा पुसला. पुसूनही आकडा तोच राहिला.

"हे काय जास्त लागलंय?"

"तीन टक्के," अबू शाहेर म्हणाला.

"कशाचे?"

"कार्डाचे. रोख दिलेस तर नाही लागत."

"तू माझ्याकडून जास्त घेतोस? माझ्याकडून?"

"मी कुठे घेतो? हे घेतं." अबू शाहेरनं मशीनकडे बोट दाखवलं.

अबू सनदनं मशीन उचललं, उलटं केलं, खालून वरून पाहिलं. "याला खिसा कुठाय?"

"ठेव खाली. भाड्याचं आहे ते."

"शाळेत माझ्या वहीतून उतरवायचास तू. त्याचे टक्के घेतले का मी?"

"आणि त्या वर्षी दोघंही नापास झालो, त्याची भरपाई तू दिलीस का मला?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. अबू सनद हसला नाही. त्यानं कॉफीचं पुडकं तसंच गल्ल्यावर ठेवलं आणि बाहेर पडला. आमच्याकडे मित्राची कॉफी टाकून जाणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. ते पुडकं अबू शाहेरनं उचललंही नाही.

घरी जाताना चढणीवर अबू सनदच्या डोक्यात वेगळाच गुंता झाला. कॉफी घेतली म्हणजे पॉइंट मिळाले, म्हणजे आपण पश्चिमेला सरकलो. पण वर तीन टक्के गेले. ते तर प्रवासाचेच पैसे, म्हणजे आपण पूर्वेला सरकलो. मग आता आपण नेमके कुठे आहोत? जहाज मागे चाललंय आणि माणूस डेकवर पुढे चालतोय, तशी त्याची गत झाली. पायऱ्यांवर मध्येच थांबून त्यानं दोनदा मागे वळून पाहिलं, आपण चढतोय की उतरतोय याची खात्री करायला.

संध्याकाळच्या नमाजाला दोघं एकमेकांशेजारी उभे राहिले आणि सलाम करताना दोघांनीही तोंड पलीकडे वळवलं. तेव्हा गावाला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

अशा वेळी आमच्याकडे एकच माणूस: हाजी मिथकाल. कुणाची मुलगी मागायची असो, खुनाची माफी मागायची असो, मानाची चार माणसं जमवून तो त्यांची जाहा घेऊन दारी जातो. यजमान कॉफी ओततो. हाजी तो बिनकानाचा चिमुकला फिंजान घेतो आणि न पिता समोर ठेवतो. "आलोय ते मिळालं तर पिऊ," एवढंच म्हणतो. पाहुण्यानं कॉफी न पिता उठून जाणं ही यजमानाला पिढ्यान् पिढ्या पुरेल अशी नामुष्की, म्हणून जो तो घाईघाईनं म्हणतो, "प्या हाजी, दिलं." हाजी मिथकालचा फिंजान आजवर एकदाही थंड झालेला नव्हता. एकदा तर त्यानं एका उंटाला माफी मागायला लावली. ते पुन्हा कधीतरी विचारा.

अबू सनद त्याच्याकडे गेला आणि सगळं सांगितलं.

"तीन टक्के म्हणजे किती?" हाजीनं विचारलं.

"शंभरातले तीन."

"शंभर काय?"

"काहीही, हाजी."

"शंभर मेंढ्यांतल्या तीन मेंढ्या?"

"तसंच म्हणा."

हाजी बराच वेळ जपमाळ ओढत बसला. "मग हे खुनापेक्षा अवघड आहे," तो म्हणाला. "खुनात निदान कोण गेलं ते माहीत असतं."

गुरुवारी सकाळी वीसेक माणसांची जाहा अबू शाहेरच्या दिवाणखान्यात बसली. हाजी बोलला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळानंही टिकटिक थांबवली. तो शेजारधर्मावर बोलला, मिठावर बोलला, एका बाकावर बसून नापास होण्याच्या नात्यावर बोलला, आणि कॉफी आली तशी फिंजान गालिच्यावर ठेवून म्हणाला, "हे तीन टक्के सोड, म्हणजे पिऊ."

अबू शाहेरचा चेहरा उतरला. जन्मभर कॉफी भाजणाऱ्याच्या घरात कॉफी न पिता पडलेली.

"हाजी, दुकान मागा, देतो," तो म्हणाला. "कान मागा, कापून देतो. पण जे माझं नाही ते सोडू कसं? ते बँक कापून घेते. माझ्या हाताला लागतच नाही."

सगळे हाजीकडे बघायला लागले. असं आजवर कधी झालं नव्हतं. मुलीच्या बापानं कधी म्हटलं नव्हतं की मुलगी माझी नाही.

हाजीनं डोळे मिटून विचार केला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "तुझं नाही ते तू देऊ शकत नाहीस. पण ज्याचं आहे त्याच्या दारी तू आमच्याबरोबर येऊ शकतोस. बूट घाल."

म्हणजे ज्याच्याकडे मागायला आले होते तोच आता मागणाऱ्यांत आला. मिनीबसमध्ये त्याला जागा मिळाली ती नेमकी अबू सनदच्या शेजारी. दोघं दोन खिडक्यांकडे तोंड करून बसले आणि प्रत्येक वळणावर एकमेकांच्या अंगावर कलंडले. अबू सनदला कळेना की आता आपलं भांडण नेमकं कुणाशी आहे. रागवायला माणूस शेजारीच होता, पण तो आपल्याच बाजूनं होता.

आणि तो फिंजान. हाजी म्हणाला, उत्तर मिळेपर्यंत हा टाकता येत नाही. वर बशी झाकून त्यानं तो तळहातावर धरला आणि अम्मानपर्यंतच्या त्या सगळ्या वळणांवर एक थेंब सांडू दिला नाही.

आता गुरुवार. गुरुवारी आमच्या रस्त्यावर लग्नाच्याच गाड्या. नटूनथटून, कोट घालून बसलेली माणसं बसमधून चाललीत असं पाहिल्यावर मागच्या गाडीनं हौसेनं हॉर्न वाजवला. तिच्या मागचीनं वाजवला. सुवैलिहपर्यंत मागे चाळीस गाड्या लागल्या होत्या, आणि कुठून तरी एक ढोलवाला बसच्या टपावर येऊन बसला होता. तो कुणी बोलावला हे आजही कुणाला माहीत नाही. सिग्नलला एक बाई खिडकीतून डोकावली.

"नवरा कोण?"

बसमधल्या एकानं विचारही न करता अबू सनदकडे बोट दाखवलं, कारण निघाले होते ते त्याच्यासाठीच. बाईनं तोंडावर हात ठेवून असा लांबलचक आनंदाचा सूर काढला की सिग्नल लाजून हिरवा झाला. आणि ती बाई निघाली उम्म सनदच्या चुलत बहिणीची जाऊ. पाच मिनिटांत सल्तमध्ये फोन खणखणला: तुझा नवरा वाजतगाजत अम्मानला दुसरी करायला निघालाय.

अबू शाहेरच्या बँकेत शिरले तेव्हा दारावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, नंबराचं तिकीट घ्या. शंभरावर माणसं होती, शंभरावर तिकिटं निघाली, आणि मशीनमधला कागद संपला. बँकेचा साहेब, हैथम नावाचा तरणा माणूस, कोटाची बटणं लावत बाहेर आला. हाजीला पाहून त्यानं हात छातीवर ठेवला आणि कॉफी मागवली. तिथेच फसला. कागदी कपांतली शंभर कॉफी आली आणि शंभर माणसांनी ती जमिनीवर ठेवली. पैसे काढायला आलेली गिऱ्हाइकं पाय उचलून उचलून चालायला लागली.

"हाजी, माझी अब्रू घेऊ नका," हैथम कुजबुजला. "हे तीन टक्के आमच्याकडे येतात हे खरं. पण आमच्या मुठीत राहतो तो नुसता चुरा. बाकीचे कार्डाच्या कंपनीकडे जातात."

"तुझ्या मुठीतले तेवढे दे मग," अबू सनद म्हणाला.

"त्यात ते मशीन चालतं, उस्ताद. वीज, तार, दुरुस्ती."

"मशीन तर अबू शाहेरनं भाड्यानं घेतलंय."

हैथमनं अबू शाहेरकडे बघितलं. अबू शाहेरनं हैथमकडे बघितलं. दोघांनाही जरा गोंधळल्यासारखं झालं.

"कंपनी कुठे आहे?" हाजीनं विचारलं.

"समोर. त्या काचेच्या इमारतीत, अगदी वर."

"चल."

त्या इमारतीत लिफ्ट आठ माणसांची. पहिले आठ वर पोचले ते गुळगुळीत दाढी करून आलेले; शेवटचे आठ पोचेपर्यंत पहिल्यांच्या गालांवर खुंट उगवले होते. वर रुबा नावाची बाई सगळा कारभार बघत होती. करक गावची होती ती, आणि करकची माणसं अशी सहजासहजी जाळ्यात सापडत नाहीत. हाजीच्या हातातला झाकलेला फिंजान तिनं दारातच ओळखला.

"अम्मो, बसा, पाणी घ्या, खजूर घ्या," ती म्हणाली. "पण कॉफी मी मागवणार नाही. मागवली की मी अडकले."

"मागवू नकोस, पोरी," हाजी म्हणाला. "आमची आम्ही आणलीये." आणि त्यानं तो फिंजान तिच्या टेबलावर ठेवला.

रुबानं कपाळाला हात लावला. मग हसली, आणि समोरच्या बशीतलं एक मामूल उचललं, ते खजूर भरलेलं बिस्किट.

"हे बघा. हे तुमचे तीन टक्के." तिनं कडेचा एक कण तोडला. "हा हैथमसाहेबांच्या बँकेचा." दुसरा कण तोडला. "हा आमचा. आणि हा उरलेला मोठा तुकडा, ज्या बँकेनं गिऱ्हाइकाला कार्ड दिलं तिचा."

"मग त्या बँकेत जाऊ," हाजी उठायला लागला.

"थांबा, अम्मो. ती तरी तो एकटी कुठे खाते? लोकांनी कार्ड काढावं, सारखं वापरावं, म्हणून त्यातलं बरंचसं गिऱ्हाइकालाच परत देते. पॉइंट म्हणून." तिनं इकडेतिकडे पाहिलं. "कार्ड कुणाचं आहे?"

शंभर माना एकदम एका दिशेला वळल्या, आणि खोलीत वारा आल्यासारखं झालं. रुबानं तो तुकडा अबू सनदच्या हातावर ठेवला.

"अम्मो, मग हे तुमचं."

अबू सनद हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला. खजूर जरा बाहेर आला होता.

"म्हणजे माझ्याकडून घेतात," तो सावकाश म्हणाला, "आणि मलाच देतात?"

"जवळजवळ."

"मग घेतात कशाला?"

"द्यायला."

"आणि मी भांडलो कुणाशी?"

"ते मला कसं सांगता येईल, अम्मो?"

पश्चिमेला निघालं आणि चालत राहिलं तर माणूस आपल्याच मागच्या दारी येतो, हे अबू सनदनं उभ्या जन्मात हजार पोरांना सांगितलं होतं. फळ्यावर ते सोपं वाटायचं. आत्ता त्याला घेरी आल्यासारखं झालं आणि तो जवळच्या खुर्चीवर बसला. ती खुर्ची चाकांची होती. तो अबू शाहेरपर्यंत घरंगळत गेला. अबू शाहेरनं त्याला धरलं आणि लगेच सोडलं.

"रीत सरळ आहे," हाजी म्हणाला. "ज्याचं आहे त्याच्या दारी जायचं."

"हाजी, ज्याचं आहे तो मी इथे बसलोय."

"इथे तू मागणारा आहेस. देणारा घरी असतो."

"म्हणजे तुमच्याबरोबर बसमधून मी माझ्याच घरी—"

"नाही. यजमान आधी घरी पोचायला हवा. तू टॅक्सी कर."

टॅक्सीवाला जुना विद्यार्थीच निघाला. आरशात त्याला मागची बस, बसवरचा ढोलवाला, हैथमची गाडी, रुबाची गाडी आणि आणखी किती तरी गाड्या दिसत होत्या. "उस्ताद, मागे केवढी वरात आहे," तो म्हणाला. "कुणाची हो?"

"माझी वाटतं," अबू सनद म्हणाला.

दारात उम्म सनद कंबरेवर हात ठेवून उभी होती. "कुठाय ती?"

"कोण ती?"

तेवढ्यात रुबा गाडीतून उतरली. उम्म सनदनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ही? ही तर माझ्या लेकीहून, जुमानाहून लहान आहे. लाज नाही वाटली?"

"खाला, मी फीबद्दल आलेय," रुबा म्हणाली.

"आता त्याचीही फी लागते?"

सगळं समजावून सांगता सांगता दिवाणखाना भरला, जिना भरला, अंगण भरलं. अबू सनदला कुठे बसावं कळेना. मागणारा म्हणून त्याची जागा हाजीच्या उजव्या हाताला होती, तिथे तो बसला. यजमान म्हणून दाराजवळ, म्हणून तिथे जाऊन बसला. मग पुन्हा उठला. शेवटी हाजीनं त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं.

"कॉफी आण," हाजी म्हणाला.

उम्म सनद आतून म्हणाली, "घरात कॉफी नाही. काल आणायला गेले होते ना, अजून येतायत."

अबू शाहेर उठला, गर्दीतून वाट काढत बाहेर गेला आणि थोड्या वेळानं तेच पुडकं घेऊन आला. ते त्यानं अबू सनदच्या मांडीवर ठेवलं.

"किती झाले?" अबू सनदनं हळूच विचारलं.

"गप्प बस," अबू शाहेर म्हणाला.

काल दुपारपासून दोघं एकमेकांशी बोलले ते एवढंच.

कॉफी झाली. फिंजान फिरले आणि एकेक करून सगळे खाली ठेवले गेले. शेवटी हाजीनं सकाळपासून वाहून आणलेला तो जुना फिंजान अबू सनदच्या पुढ्यात ठेवला. वर साय धरावी तसा काळा पापुद्रा आला होता.

"अबू सनद," तो म्हणाला, "तुझे पॉइंट सोड. तू सोडलेस की ती बँक घेणार नाही. ती घेणार नाही, म्हणजे कंपनी घेणार नाही. ती घेणार नाही, म्हणजे हैथम घेणार नाही आणि अबू शाहेरवर बालंट येणार नाही. सोड, म्हणजे पिऊ."

रुबानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तसं ते नसतं, असं काहीसं असणार. हाजीनं नुसतं पाहिलं आणि तिनं मिटलं. हैथमनं छताकडे बघितलं. हे खरंच असंच चालतं का, याची त्या खोलीत एकालाही खात्री नव्हती. पण फिंजान मात्र सगळ्यांना दिसत होता.

अबू सनदनं खिशातून फोन काढला. ब्राझीलचा किनारा केव्हाच लागला होता. रिओच्या दिव्यांपर्यंत तो आला होता. तिथून खाली, नुसतं किनारा धरून खाली. त्याला ती वाट डोळे मिटून येत होती, आणि त्यानं डोळे मिटलेच. खोलीतल्या जुन्या विद्यार्थ्यांना गार वाटायला लागलं.

"काय ते बोला," दारातून उम्म सनद म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा आला. "अख्खं गाव खोळंबलंय."

अबू सनदनं डोळे उघडले. समोर अबू शाहेर बसला होता आणि त्याच्याकडे न बघता गालिच्याचा दोरा उसवत होता.

"प्या, हाजी," अबू सनद म्हणाला. "दिलं."

हाजीनं तो फिंजान उचलला आणि एका घोटात रिकामा केला, आणि मंडळी, तो गरम होता. वाफ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. उम्म सनदनं कात्री आणली, कार्डाचे चार तुकडे केले आणि चुलीत टाकले. त्या दिवसापासून सल्तमध्ये कुठलाही दुकानदार कार्डावर एक फिल्सही जास्त घेत नाही, वाटल्यास जाऊन विचारा. आणि अबू सनदनं सामुद्रधुनीचं नाव पुन्हा काढलं नाही. रोज दुपारी अबू शाहेरच्या बाकावर बसतो, नोटा मोजून देतो. कुणी विचारलंच तर म्हणतो, रिओपर्यंत गेलो होतो, पुढे जायची गरज वाटली नाही. समाधानी माणूस. या घटकेलाही तिथेच बसलेला असेल.

"उस्ताद मंगळवारीच गेला," नायफ म्हणाला. नायफचं हम्माम रस्त्यावर विमानाच्या तिकिटांचं दुकान आहे, आणि इतका वेळ तो भिंतीला टेकून गुमान ऐकत होता.

"कुठे गेला?" कुणीतरी विचारलं.

"तिकडेच. सामुद्रधुनीला. रिओपर्यंत पॉइंटांवर गेला, आणि पुढचं तिकीट माझ्याकडून घेतलं, त्याच कार्डावर. वर तीन टक्के मीच लावलेत. अबू शाहेर सोबत आला होता, तो म्हणाला, घे रे, ते परत त्यालाच मिळतात."